सकाळचं माप

थोरलीचा एक नियम होता: माप सकाळी घ्यायचं, रिकाम्या पोटी. संध्याकाळी कुणी कोट शिवायला आलं तर ती गळ्यातली टेप काढतसुद्धा नसे. "उद्या सकाळी या," म्हणायची, "संध्याकाळचं पोट खोटं बोलतं." गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दारातून परत जायचं आणि सकाळी मुकाट्यानं यायचं, कारण तिच्या हातचा कोट अंगावर चढला की माणूस दोन इंच उंच दिसतो असा तिचा लौकिक होता. त्या लौकिकाची तिला सवय झाली होती. सवय कसली, चटकच म्हणा.

धाकटी तिची जाऊ. पुढच्या खोलीत दुकान, त्यामागे थोरलीचं बिऱ्हाड, जिना चढून वर धाकटीचं. थोरली कापायची, धाकटी शिवायची, थोरलीचा नवरा इस्त्री करायचा आणि दोघींची जुंपली की वाफेत तोंड लपवायचा. धाकटीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, म्हणजे महिन्यातले वीस दिवस सुखात असायचा. नऊ वर्षांत या दोघींचं कशावर म्हणून पटलं नव्हतं, एका गोष्टीखेरीज. थोरलीनं कापलेला तुकडा धाकटी कधी परत मापत नसे. उचलायची, सुईखाली घालायची, शिवून मोकळी. हे कौतुक ती तोंडानं कधी बोलली नाही, पण थोरलीला ते रोज मिळत होतं आणि त्याच्या जोरावर आपण हिचं बाकी सगळं सहन करतो, असं ती स्वतःला सांगायची. खरं तर सहन धाकटी करत होती.

धाकटीला जुळ्या मुली झाल्या त्याला पाच वर्षं झाली होती. मुली शाळेत जायला लागल्या, पोट मात्र होतं तिथेच राहिलं. बाकी अंगानं ती काटकुळी. पोट तेवढं पुढे, आणि त्याखाली कातडीची सैल घडी. मशीनवर दोन तास बसली की कमरेत कळ यायची. चालून झालं, व्यायाम करून झाले, उपाशी राहून झालं. तोंड सुकलं, पोट काही हटलं नाही.

एकदा एक नवीन गिऱ्हाईकबाई झगा टाकायला आल्या. धाकटीच्या पोटाकडे बघून प्रेमानं म्हणाल्या, "कितवा चाललाय?" धाकटीनं मान खाली घातली. थोरली टेबलावर कापड पसरत होती. वर न बघता म्हणाली, "नववा. पाच वर्षं झाली, नववाच चाललाय." बाई खो खो हसल्या. थोरलीच्या नवऱ्यानं इस्त्री खाली ठेवली आणि उगाच पाणी प्यायला आत गेला. धाकटी टीप मारत राहिली. झगा चांगला शिवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पोट कमी करायच्या ऑपरेशनसाठी नाव घालून आली.

बातमी ऐकून थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "टमी टक? कातडी म्हणजे काय कापड वाटलं का, कापायला आणि शिवायला?"

"कापडच आहे म्हणा," धाकटी म्हणाली. "तुम्ही तर रोज बघता. जास्तीचं लोंबतंय हे तुम्हीच जगाला सांगता ना, ताई?"

थोरलीनं हे मनात पक्कं धरून ठेवलं. धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी घरातलं एक माणूस सोबत बोलावलं होतं. ट्रकवाला ट्रकवर, म्हणून थोरली गेली. तोंड असं करून गेली की रिक्षावाल्यानंही दोनदा मागे वळून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोट काढलं आणि सांगायला सुरुवात केली. खाली, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत काप घ्यायचा. तिथून वर बरगड्यांपर्यंत कातडी सोडवायची. आतले स्नायू बाळंतपणात मधून दुभंगलेत, मध्ये तीन बोटं जातात, ते ओढून जवळ आणायचे आणि टाके घालायचे. मग कातडी खाली ताणून जास्तीची कापून टाकायची. बेंबी आपल्या जागीच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीला नवीन भोक पाडून ती बाहेर काढायची.

धाकटीचा चेहरा उतरला होता. थोरली मात्र खुर्चीत पुढे सरकली. हे तिला धाकटीपेक्षा जास्त कळत होतं. आतलं अस्तर आधी ओढून घ्यायचं, वरचं कापड त्यावर ताणायचं, उरलेलं कापायचं, आणि बेंबीला काज करायचं. अगदी कोटासारखं. तिला पहिल्यांदाच डॉक्टर मंडळींबद्दल थोडा आदर वाटला. आणि पुढची सगळी वाट लागली ती इथूनच, कारण आपल्याला सगळं समजलं असं तिला वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी घरी सोडताना नर्सनं कागद हातात देऊन एकेक गोष्ट समजावली. कमरेत वाकूनच चालायचं, सरळ व्हायला गेलात तर टाक्यांवर ताण येईल. पाठीमागे उशा, गुडघ्यांखाली उशी, असंच झोपायचं. पण नुसतं पडून राहायचं नाही, दर दोन तासांनी चार पावलं टाकायची, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. सहा आठवडे जड उचलायचं नाही, मुलींना तर नाहीच नाही. पोटातून दोन नळ्या आल्यात, त्यांच्या टोकाला हे रबरी फुगे. त्यात जमेल ते पाणी रोज सकाळ-संध्याकाळ मापून लिहायचं. ते पुरेसं कमी झालं की नळ्या निघतील. आणि हा बेल्ट रात्रंदिवस घालायचा. दोन दिलेत, एक अंगावर, एक धुवायला. हुकांच्या तीन ओळी आहेत, पहिल्याच, सगळ्यात सैल ओळीत लावायचा. आत सहज दोन बोटं गेली पाहिजेत. सूज दिवसभरात चढते, संध्याकाळी सगळ्यात जास्त असते, तेवढी जागा हवीच. खालचं पोट काही महिने बधिर राहील, दुखलं तरी तिला कळणार नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. बेंबीखालच्या भागाला रक्त लांबून येतं. तो दाबला गेला तर कातडी काळी पडते.

"कळलं ना?" नर्सनं विचारलं.

"हो हो," थोरली म्हणाली. नर्स बोलत होती तेव्हा ती बेल्ट उलटा करून त्याची शिवण बघत होती. बाजारू काम. आत अर्धा इंच मार्जिन सोडलेलं, टाके लांब लांब, कमरेला आकार म्हणून नाही. अशी शिवण तिच्या दुकानात कुणी मारली असती तर तिनं त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं असतं.

घरी आल्यावर जिना चढताना धाकटी कण्हली. एकदाच, सहाव्या पायरीवर. थोरली मागून तिला धरून चढत होती, हातात नळ्यांचे फुगे होते, खाली मुली रडत होत्या आणि दुकानात चार कोट अर्धवट पडले होते. ती म्हणाली, "आता कण्हून काय उपयोग? हौसेला मोल नसतं म्हणतात. भोग आता."

धाकटी थांबली. वाकलेलीच होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही. "ताई," ती म्हणाली, "यापुढे माझा आवाज ऐकू आला तर नाव बदलेन."

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, हिचा तर सुंभ अजून धडधाकट होता. खोकला आला की उशी पोटाशी दाबून ओठ चावायची, पण हूं की चूं नाही. थोरली सकाळी नळ्यांतलं पाणी मापून लिहायची, अंग पुसून द्यायची, बेल्ट बदलायची, जेवणाचं ताट आणून आदळायची. तिच्या हातात कुचराई नव्हती. जिभेवर होती. "उठा राणीसाहेब, चार पावलं टाका," असं दिवसातून सहा वेळा. राणीसाहेब उठायच्या, चार पावलं टाकायच्या, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. सेवा करणारी आणि करून घेणारी, दोघी एकमेकींना पाण्यात बघत होत्या आणि वाटीत माप मात्र बिनचूक पडत होतं.

सातव्या दिवशी एक नळी निघाली, नवव्या दिवशी दुसरी. डॉक्टरीणबाई जखम बघून खूश झाल्या. "इतकं छान भरतंय! घरी कोण बघतं?"

"जाऊबाई," धाकटी म्हणाली. एवढंच. पण थोरली ते घेऊन घरी आली आणि दोन दिवस तिच्या हाताला हलकं हलकं वाटत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी बेल्ट घालताना तिला कमरेशी घडी दिसली. सूज उतरली होती. पहिल्या ओळीत हुक लावूनही दोन्ही बगलांखाली कापड फुगलं होतं, आणि आत दोन सोडून चार बोटं गेली असती. थोरलीच्या डोळ्यांना ती घडी बघवेना. अख्ख्या आयुष्यात तिनं एकही घडी अंगावर राहू दिली नव्हती, आणि आता घरातच एक बाई गोणपाट गुंडाळल्यासारखी बसलेली. दुसऱ्या ओळीत हुक लावला तर मध्ये चोळामोळा होईल. दोष हुकाचा नव्हताच, कापणीचा होता. तिनं डोळ्यांनीच माप घेतलं: प्रत्येक बाजूला खाली अर्धा इंच, वर जाता जाता शून्य. सकाळची वेळ, रिकामं पोट. हे माप खोटं निघणं शक्य नव्हतं.

दुपारी धुतलेला दुसरा बेल्ट वाळला तेव्हा तिनं तो मशीनवर घेतला. अंगाच्या रंगाचा दोरा शोधायलाच तिला पंधरा मिनिटं लागली. लवचीक कापडाची बारीक सुई लावली, इंचाला तिचे नेहमीचे चौदा टाके, आणि बगलेपासून कमरेपर्यंत अशी निमुळती टीप मारली की बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. हे काम करताना तिच्या मनात राग नव्हता. नऊ वर्षांत धाकटीसाठी तिनं आपण होऊन केलेली ही पहिली गोष्ट होती. विचारायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. विचारायचं काय त्यात? कापड ती जाणते. आणि विचारलं तर ती नको म्हणेल, केवळ आपण विचारलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो बेल्ट धाकटीला घातला, पहिल्या ओळीत हुक लावले. कापड अंगाला असं बसलं की कुठे सुरकुती नाही. धाकटीनं दोन पावलं टाकली. "आज पाठीला आधार वाटतोय," ती म्हणाली. आपल्याशीच म्हणाली, पण थोरलीनं ऐकलं. ती खाली आली ती गुणगुणत. नवऱ्यानं इस्त्रीवरून मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली, कारण सुखाचं कारण विचारून ते घालवायची त्याची पद्धत नव्हती.

दुपारनंतर सूज चढली. कागदावर लिहिलं होतं तशीच. पाच वाजता धाकटीला श्वास अर्धा घ्यावा लागत होता. सात वाजता बरगड्यांखाली कापड रुतायला लागलं. तिला वाटलं, सूजच आहे, नर्स म्हणाली होती चढते म्हणून. खालचं पोट बधिर, तिथे काही कळायला मार्ग नव्हता. थोरली ताट घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"काय गं, बरं नाही वाटत?"

"मस्त आहे."

थोरलीनं दारातच क्षणभर थांबून तिच्याकडे पाहिलं. मग मुलींना झोपवायला खाली गेली. एकीनं कण्हायचं नाही ठरवलं होतं आणि दुसरीनं दोनदा विचारायचं नाही. रात्र तशीच गेली.

सकाळी हुक काढले आणि थोरलीचे हात थांबले. बेंबीच्या खाली, काप घेतलेल्या रेषेच्या जरा वर, कातडी जांभळी पडली होती. आकार शिंप्याच्या खडूएवढा, तसाच कडेला गोल. तिनं बोटानं हलकंच दाबलं. पांढरं पडून पुन्हा गुलाबी व्हायला हवं होतं. झालं नाही. जांभळं ते जांभळंच.

"काय आहे?" धाकटीनं विचारलं. तिला उशांवरून दिसत नव्हतं.

"काही नाही. दवाखान्यात फोन करते."

नर्स म्हणाली, दहा वाजता घेऊन या, आणि अंगावर जो बेल्ट होता तो सोबत आणा. थोरलीनं धाकटीला दुसरा, साधा बेल्ट सैल घातला आणि तो हातातला घेऊन खाली आली. तिला आता सगळं आठवलं. नर्सचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं, जसं काही ते कानात पडून राहिलं होतं आणि आत्ता आत आलं. दोन बोटं. संध्याकाळी सगळ्यात जास्त. तेवढी जागा हवीच.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून ती डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. तशी तिच्या मनात ती गोष्ट आलीही. मग तिला दिसलं, नर्स, डॉक्टरीणबाई, सगळ्यांसमोर बेल्ट उलटा केला जाईल आणि कुणीतरी विचारेल, हे कोणी केलं? आणि धाकटी म्हणेल, या आमच्या ताई, यांचं माप कधी चुकत नाही. ते ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं असं थोरलीला वाटलं. तिनं ब्लेड घेतलं आणि टाके उसवायला सुरुवात केली.

"काय उसवतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"गिऱ्हाईकाचं आहे."

त्यानं बेल्टकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग इस्त्रीचं बटण दाबून वाफ सोडली.

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली, दोन ठिकाणी दाबून बघितली, आणि त्यांचा चेहरा बदलला. बेल्ट हातात घेऊन ताणून पाहिला. "याचं माप तर बरोबर आहे. मग इतका आवळला कसा? तुम्ही हुक शेवटच्या ओळीत लावले होते का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"सगळ्या नाहीच म्हणतात. लवकर बारीक दिसायची घाई असते. हुक लावले कोणी?"

"ताईंनी."

"कुठल्या ओळीत?"

"पहिल्या," थोरली म्हणाली. शब्द खरा होता. तिच्या आयुष्यात याहून मोठं खोटं ती बोलली नव्हती.

"म्हणजे नंतर यांनीच बदलले." डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. सांगा ना, असं ते बघणं होतं. नऊ वर्षांत तिनं थोरलीकडे काही मागितलं असेल तर ते तेवढंच.

थोरलीच्या हाताला पदर, रुमाल, काहीच लागेना, तेव्हा तिनं टेपच चाचपली. ती गळ्यात तशीच राहिली होती. म्हणाली, "मी रात्री खाली झोपते. वर काय झालं, मला कसं कळणार?"

मग डॉक्टरीणबाईंनी धाकटीला जे झापलं ते बाहेर बसलेल्या लोकांनीही ऐकलं. आम्ही जीव तोडून काम करायचं आणि तुम्ही एका रात्रीत वाट लावायची. हा भाग वाचला तर नशीब. नाही वाचला तर काळा पडेल, कापून काढावा लागेल, आणि ती जखम शिवता येत नाही, आतून हळूहळू भरून येऊ द्यावी लागते. दोन महिने, तीन महिने. वण राहील तो वेगळाच. कागदावर त्यांनी लिहिलं: रुग्णानं स्वतःहून पट्टा आवळला. धाकटी ते उलटं वाचत होती. तिनं बोललेलं पाळलं, आवाज केला नाही.

अर्धं वाचलं, अर्धं गेलं. जांभळ्याची कड गुलाबी झाली, मधला नाण्याएवढा भाग काळा पडला आणि कापून काढावा लागला. रोज थोरली ती उघडी जखम धुवायची, औषधी जाळी भरायची, वर पट्टी लावायची. आता तिच्या जिभेवर साखर होती. राणीसाहेब गेल्या, "बाळा" आली. गरम पाणी न मागता यायचं, मुलींची वेणी घालून व्हायची, ताट आदळायचं बंद झालं. धाकटी ते सगळं मुकाट्यानं घ्यायची आणि मनात म्हणायची, ही मी हरल्याचा आनंद करतेय. खाई त्याला खवखवे हे तिला कुठून कळणार? थोरलीला मात्र रोज कळत होतं. पट्टी उघडली की तो खड्डा तिच्याकडे बघायचा. आज सांगू, उद्या सांगू, असं करत सहा आठवडे गेले.

तो उसवलेला बेल्ट तिनं जाळायला हवा होता. पण चांगलं कापड टाकायचा हात तिच्याजवळ नव्हता. तिनं तो धाकटीच्या कपाटात तळाशी घडी करून ठेवला.

एका सकाळी साध्या बेल्टचा हुक तुटला. धाकटी आता आपली आपण कपडे बदलत होती, बरीचशी सरळ चालत होती. तिनं तळातला बेल्ट काढला, घातला, आणि आरशापुढे उभी राहिली. सैल असताना त्या कापडावर काही दिसत नव्हतं. अंगावर ताणलं गेलं तसे दोन्ही बगलांखालून बारीक ठिपके उमटले. सरळ ओळीत, वरून खाली, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. टाके उसवता येतात, सुईची भोकं उसवता येत नाहीत. दुसऱ्या कुणी ते बघितलं असतं तर विणीची नक्षी समजून सोडून दिलं असतं.

ती जिना उतरून दुकानात आली. बेल्ट हातात होता. थोरली कोटाची अस्तनी कापत होती. धाकटीनं खिडकीच्या उजेडात बेल्ट दोन्ही हातांनी ताणून धरला.

"इंचाला चौदा," ती म्हणाली. "या घरात इंचाला चौदा कोण घालतं, ताई?"

थोरलीच्या नवऱ्यानं इस्त्री उभी केली आणि या खेपेला वाफ सोडली नाही. थोरलीनं कात्री खाली ठेवली.

"अगं, सैल होता तो. सकाळी घडी पडायची. मला वाटलं, तुला आधार होईल. देवाशपथ, वाईट मनात नव्हतं."

"माहीत आहे." धाकटीनं बेल्ट टेबलावर ठेवला आणि ठिपक्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं. "खाली अर्धा इंच, वर शून्य. दोरासुद्धा मिळता घेतला असणार. रागानं कुणी एवढं निमुळतं करत नाही. आधी मला वाटलं मला मारायला केलंत. जिना उतरता उतरता कळलं, नाही, मायेनं केलंत."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढे झाली. धाकटी मागे सरली नाही, पण जवळही आली नाही.

"तुम्ही मला विचारलं नाहीत ही तुमची चूक. मला श्वास येत नव्हता तरी हाक मारली नाही ही माझी. इथपर्यंत फिट्टंफाट. पण तिथे, त्या बाईंसमोर, मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"माझी जीभ उचलली नाही गं."

"उचलली की. रात्री खाली झोपते म्हणालात." धाकटीचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "त्या कागदावर लिहिलंय, मी स्वतः केलं. रोज तुम्ही पट्टी बांधत होतात आणि रोज मला वाटायचं, मीच झोपेत हुक ओढला की काय. सहा आठवडे मी माझ्याच हातांवर संशय घेतला. शिवलंत ते मी विसरेन कधीतरी. उसवलंत ते नाही विसरणार."

थोरलीला माफ कर म्हणायचं होतं. नऊ वर्षांत तो शब्द तिनं या घरात वापरला नव्हता, आता तो कुठून सापडणार? तिनं डोळे पुसले, खुर्चीवरचा कापडाचा ढीग उचलला, आणि जे तिला येत होतं ते केलं. कापलेली अस्तनी धाकटीच्या पुढे केली.

धाकटी मशीनवर बसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, हळू, एक हात पोटावर धरून. तिनं अस्तनी घेतली, मशीनच्या पाटावर सपाट पसरली. मग हात लांब करून थोरलीच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि मापायला लागली. आधी लांबी, मग दंडाचा घेर, मग मनगट. थोरली बघत उभी होती. तिच्या हातचं कुणी परत मापताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

अस्तनी बरोबर होती. धाकटीनं ती बाजूला ठेवली आणि दुसरी मापायला घेतली.